विमलाबाईंच्या सात खुणा

विमलाबाई ही गोष्ट आता स्वतःच सांगतात, आणि ऐकणारा हसायच्या आधी आपणच हसून घेतात. म्हणतात, "आपलं आपण हसलेलं बरं. किती हसायचं ते तरी आपल्या हातात राहतं." पण ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी त्या हसत नव्हत्या. त्या वर्षी त्या फार शहाण्या होत्या.

बत्तीस वर्षं त्यांनी रत्नागिरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका म्हणून काढली. जांभ्या दगडाच्या घाट्या चढून वाडी-वाडीवर जायचं, पोरांना डोस पाजायचे, आणि भगताकडे अंगारा आणायला निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेवरून मागे फिरवायचं. "अंगाऱ्याने ताप उतरला असता तर सरकारने मला कशाला ठेवलं असतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोळ्या अर्धवट सोडणाऱ्याला तर त्या घरासमोर उभ्या राहून असं काही बोलत, की शेजारची तीन घरंही गोळ्या नेमाने घेऊ लागत. शेजारच्या सावित्रीकाकी म्हणायच्या, "विमल, तुझ्या गोळीपेक्षा तुझी जीभच लागू पडते गो!" विमलाबाईंना ती स्तुती वाटायची.

निवृत्तीनंतर हा सगळा जोर चर्चच्या शब्बाथ शाळेकडे वळला. रविवारी उपासनेच्या आधी ख्रिस्ती देवळाच्या मागच्या खोलीत मंडळीतली अकरा मुलं जमत. विमलाबाई त्यांना शास्त्रातल्या गोष्टी सांगत, गीतं शिकवत, आणि नखं वाढलेली दिसली तर तिथल्या तिथे कापतही. मुलं त्यांना बाई म्हणत आणि त्यांना भीत. त्यालाही त्या स्तुतीच समजत.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका रविवारी मंडळीचे धर्मगुरू, पाळक गायकवाड, त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आजूबाजूच्या तालुक्यांत चमत्काराच्या सभा घेत फिरणारी माणसं वाढलीत. एका मांडवात म्हणे लोकांनी डोळ्यांवरचे चष्मे काढून फेकले आणि परत जाताना एकमेकांवर आपटत गेले. येशूचं नाव घेऊन कोणी काहीही सांगतं. खोटा शिक्षक कसा ओळखायचा, हे मुलांना आत्ताच शिकवायला हवं."

"ते तुम्ही माझ्यावर सोडा, पाळकसाहेब," विमलाबाई म्हणाल्या. "मला तर माणूस पायरी चढतो तेव्हाच कळतं."

हे वाक्य त्या आजही स्वतःच्या तोंडून मुद्दाम सांगतात. पायरीसकट.

त्या आठवड्यात त्यांनी मोठ्या पुठ्ठ्यावर तक्ता केला. वर ठळक अक्षरांत 'खोटा शिक्षक ओळखण्याच्या सात खुणा', आणि खाली मेंढराचं कातडं पांघरलेला लांडगा. लांडग्याचं चित्र त्यांनी स्वतः काढलं होतं. मुलांनी ते बराच वेळ पाहिलं, मग एकाने विचारलं, "बाई, कुत्र्याला थंडी वाजते का?" विमलाबाईंनी त्याला उभं केलं.

खुणा अशा होत्या, की खोटा शिक्षक मोठ्या गाडीतून येतो. झगझगीत कपडे घालतो. आपल्या नावामागे मोठी पदवी लावतो. लोकांकडून भेटी घेतो. ओरडून बोलतो. माझंच खरं म्हणतो. आणि कोणी प्रश्न विचारला की रागावतो. मुलांनी दोन रविवारांत सातही खुणा पाढ्यांसारख्या पाठ केल्या. चौथीतली शमिका तेवढी हात वर करून म्हणाली, "बाई, यातली एकही खूण नसली पण तरी माणूस खोटा असला तर?"

"असं होत नाही," बाई म्हणाल्या. "खाली बस."

दिवाळीची सुट्टी संपली आणि बंधू शांतवन रत्नागिरीत आले.

ते एसटीने आले. खांद्याला कापडी पिशवी, अंगात विटका सदरा, पायात शिवून घेतलेल्या चपला. वय साठीकडे झुकलेलं. आधी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत शिफ्टवर होते, मग आजारपणात त्यांना देवाची हाक ऐकू आली आणि नोकरी सोडली, असं ते सांगत. भाच्याच्या खोलीवर उतरले होते. उपासनेला यायचे, मागच्या बाकावर बसायचे, आणि गीत सुरू झालं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. चहाशिवाय कोणाकडून काही घेत नसत, आणि चहाही बिनसाखरेचा.

विमलाबाईंनी मनातल्या मनात सातही खुणा लावून पाहिल्या. एकही लागली नाही. झालं, माणूस पास.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि इथे विमलाबाई सांगताना कपाळाला हात लावतात. बंधू शांतवन तिसऱ्या रविवारी वर्गाच्या दारात उभे राहून त्यांचं शिकवणं ऐकत होते. वर्ग सुटल्यावर ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "भगिनी, मी बारा गावं फिरलो. लेकरांना असं शिकवणारं कोणी पाहिलं नाही. तुम्ही साधी बाई नाही. तुम्ही या बालमंडळीची माता आहात."

बत्तीस वर्षांत आरोग्य केंद्रात त्यांना असं कोणी म्हणालं नव्हतं. निरोपाच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, तेही मागे पडणारं. विमलाबाई त्या दुपारी घरी आल्या त्या तरंगतच आल्या. सावित्रीकाकी पडवीत साठवणीची कोकमाची सोलं ऊन दाखवायला पसरत होत्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "माता कशाला म्हणतोय तो तुला? तुझ्याच वयाचा ना?"

"अगं, आत्मिक अर्थाने."

"आमच्याकडे एक बुवा येत होता. तोही आमच्या जावेला लक्ष्मी म्हणायचा. आत्मिक का काय ते अर्थानेच." काकींनी सोलं उलटी केली. "तिने चार महिने मीठ सोडलं न् सुकून गेली."

विमलाबाईंना राग आला. बुवाची आणि बंधूंची बरोबरी करायची म्हणजे काय! त्यांनी त्या संध्याकाळी काकींना माशाची वाटी दिली नाही.

नोव्हेंबरअखेर बंधू शांतवन शब्बाथ शाळेत अर्धा तास बोलू लागले, बाईंच्याच आग्रहावरून. पाळक गायकवाड एकदोनदा म्हणाले, "आधी त्यांची चौकशी करू या का? ते कोणत्या मंडळीतून आले, तिथले लोक काय म्हणतात?" त्यावर विमलाबाईंनी असा चेहरा केला, की बिचारे पाळक गप्प बसले. बाईंचा चेहरा ओलांडून जाणं मंडळीत कोणालाच जमत नसे.

बंधूंचं शिकवणं गोड होतं. पण हळूहळू त्यात एक धागा दिसू लागला. विश्वास पुरा असला तर देह आपोआप बरा होतो. औषध म्हणजे देवाला अर्धवट दिलेलं मन. ते हे कधी ओरडून सांगत नसत. उसासा टाकून सांगत. एका बुधवारी विमलाबाईंच्या घरी प्रार्थनेला आले असताना त्यांची नजर फडताळावरच्या डबीकडे गेली. ती रक्तदाबाच्या गोळ्यांची. बाई नऊ वर्षं रोज सकाळी एक घेत होत्या.

 बंधू डबीकडे पाहून खिन्न हसले. म्हणाले, "दुसऱ्या कोणाला मी सांगणार नाही, भगिनी. त्यांना झेपायचं नाही. पण तुमचा विश्वास..." आणि पुढचं वाक्य त्यांनी तसंच सोडून दिलं.

त्या सोडलेल्या वाक्याने बाईंचा घात केला. बत्तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून 'गोळी चुकवू नका' म्हणणाऱ्या विमलाबाईंनी दुसऱ्या दिवशी आपली गोळी चुकवली. मग तिसऱ्या दिवशीही. डोकं जरा जड व्हायचं. ती त्यांना परीक्षा वाटली. नाताळच्या आधीच्या रविवारी त्यांनी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली, की देवाने मला बरं केलं. कोणीतरी 'आमेन' म्हणालं. पाळक गायकवाडांनी विचारलं, "बाई, प्रेशर तपासलंत ना?" बाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. घरी मशीन होतं. पण मशीनला विचारणं म्हणजे संशय घेणं.

त्याच दिवशी वर्गात शमिकाने हात वर केला. तिच्या आईचं, योगिनीचं, औषधांचं दुकान आहे. शाळा सुटली की पोर तिथेच गृहपाठ करत बसते.

"बाई, गोळ्या घेणं म्हणजे कमी विश्वास असेल तर मग शांतवनकाका..."

"शमिका!" विमलाबाईंचा आवाज देवळाच्या पुढच्या दारापर्यंत गेला. "मोठ्यांबद्दल असं बोलायचं नाही. विश्वासाच्या गोष्टीत प्रश्न विचारायचे नसतात."

शमिका खाली बसली. तिच्या शेजारच्या मुलीने तिच्या वहीत काहीतरी लिहिलं, आणि दोघींनी वही पटकन मिटली. बाईंना ते दिसलं, पण मातेने अशा क्षुल्लक गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं.

जानेवारीत मुलांची सहल भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर गेली. सुरूच्या बनात सतरंज्या टाकल्या. डबे सुटले, मुलं वाळूत लंगडी खेळू लागली. विमलाबाई पंच होत्या. एका मुलीला बाद देण्यासाठी त्यांनी हात वर केला आणि समुद्र एका बाजूला कलला. मग नाकातून ऊन ऊन काहीतरी ओठावर आलं. घोळणा फुटला होता, आणि थांबायचं नाव घेत नव्हता. पांढरी साडी बघता बघता लाल झाली.

मोठ्या माणसांनी 'मान वर करा, मान वर करा' असा गिल्ला केला. शमिका मात्र गर्दीतून घुसली, बाईंचं डोकं पुढे वाकवलं आणि त्यांचं नाक दोन बोटांनी घट्ट दाबून धरलं. "मान वर नाही करायची. तोंडाने श्वास घ्या, बाई. तुम्हीच शिकवलंय," ती म्हणाली. बाईंच्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. तशातही त्यांना वाटलं, पोरीने नाक जरा जास्तच जोरात धरलंय, आणि तिला तसा अधिकारही आहे.

दवाखान्यात दाब मोजला तेव्हा डॉक्टरांनी दोनदा मोजला. हा डॉक्टर नवशिका असताना विमलाबाईंच्याच केंद्रावर आला होता. पहिल्या महिन्यात बाईंनी त्याला लसीची पेटी उघडी ठेवल्याबद्दल रडवलं होतं.

"सिस्टर, गोळ्या चालू आहेत ना?"

"विसरले दोन दिवस."

डॉक्टर त्यांच्याकडे रोखून पाहत राहिला. अशा नजरेने आपण किती लोकांकडून खरं वदवून घेतलं होतं, ते बाईंना ठाऊक होतं. ती नजर त्यानं त्यांच्याकडूनच उचललेली होती.

"एकोणचाळीस दिवस," त्या म्हणाल्या.

"कोणी सांगितलं सोडायला?"

 खरं पाहिलं तर तसं कोणीच सांगितलं नव्हतं. कोणीतरी एक वाक्य अर्धवट सोडलं होतं आणि बाईंनी ते धावत जाऊन पूर्ण केलं होतं.

दोन दिवसांनी योगिनी शमिकाला घेऊन दवाखान्यात भेटायला आली. सावित्रीकाकी उशाशी बसून पेजेचा वाडगा रिता करवून घेत होत्या. शमिका पलंगाच्या कडेला उभी राहून चपला घासत होती.

"बोल गो," काकी म्हणाल्या, "आता काय ओरडायचं त्राण नाय तिच्यात."

"बाई, शांतवनकाका आमच्या दुकानातून दर महिन्याला गोळ्या नेतात," शमिका एका दमात म्हणाली. "तुमच्या फडताळावरच्या डबीवर मी पाहिलंय ना, तेच नाव. मी तेच सांगत होते."

योगिनी ओशाळली. "गिऱ्हाइकाचं असं बाहेर बोलू नये, म्हणून मी तिला गप्प केलं होतं. चुकलंच माझं. तुम्ही साक्ष दिलीत तेव्हा मी दुकानात होते, तुम्हीही सोडल्यात हे मला कुठे माहीत?"

विमलाबाईंनी पेजेचा वाडगा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "सावित्री, तुझ्या जावेने मीठ सोडलं होतं ना? चार महिने?"

"हो."

"मी बरी म्हणायची. सव्वा महिन्यातच शुद्धीवर आले."

घरी आल्यावर त्यांनी बंधू शांतवनांना चहाला बोलावलं. पाळकांना सांगून ठेवलं होतं, पण आधी आपण एकट्याने बोलायचं ठरवलं. बंधू आले, प्रकृतीची चौकशी केली, हळहळले. म्हणाले, "भगिनी, शेवटच्या घटकेला कुठेतरी शंका शिरली असणार."

"बंधू, तुमचं प्रेशर किती असतं?" बाईंनी विचारलं.

बंधूंनी कपबशी खाली ठेवली. मग अगदी नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "माझं शरीर दुबळं आहे, भगिनी. दोनदा सोडून बघितल्या. चक्कर आली. भीती वाटली."

"मग मला का सोडायला लावल्यात?"

"मला खरंच वाटलं, की माझ्यात नाही तेवढा विश्वास तुमच्यात आहे."

आणि हे ऐकून, डॉक्टरकडे जाऊन आल्यानंतर, साडीवरचे रक्ताचे डाग अजून गेले नसताना, विमलाबाईंना क्षणभर बरं वाटलं! त्या हे लपवत नाहीत. "मेले असते तरी त्या वाक्यावर खूश होऊन मेले असते," म्हणतात. क्षण गेला आणि त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की बंधूंवरचा राग अर्धा ओसरला. समोर बसलेला माणूस घाबरलेला होता. आपल्याला जे जमत नाही ते जगात कोणाला तरी जमतं, हे पाहायला तो गावोगाव फिरत होता, आणि त्या पाहण्यापायी लोकांचे जीव टांगणीला लावत होता.

"शांतवन," त्या म्हणाल्या, आणि बंधू म्हणायचं त्यांनी मुद्दाम टाळलं, "तुमची गोळी तुम्ही उघड घ्या. आणि जोवर उघड घेत नाही, तोवर मुलांसमोर उभे राहू नका. माझ्या वर्गात तर नाहीच नाही."

पाळक गायकवाडांनी पुढे फोन करून चौकशी केली, तेव्हा कळलं, की खेडकडच्या एका मंडळीतही असंच झालं होतं आणि तिथल्या एका म्हाताऱ्याचा त्यात जीव गेला होता. मंडळीच्या पंचांनी शांतवनांना बोलावलं, आणि यापुढे कुठेही शिकवणार नाही असं लिहून घेतलं. आसपासच्या मंडळ्यांनाही कळवलं. शांतवन रडले. ते रडणं खरं होतं की नेहमीचं, हे सांगायची हिंमत आता विमलाबाईंमध्ये नाही. ते हेदवीकडे बहिणीच्या घरी गेले, एवढंच ठाऊक आहे.

त्यानंतरच्या रविवारी विमलाबाईंनी उपासनेत पाच मिनिटं मागून घेतली आणि आपली साक्ष परत घेतली. दिलेली साक्ष परत घेताना मंडळीने याआधी कोणाला पाहिलं नव्हतं, त्यामुळे शेवटी आमेन म्हणायचं की नाही, ते कोणालाच समजेना.

वर्गात त्या त्याहून जास्त घाबरल्या होत्या. अकरा मुलं चिडीचूप बसली होती.

"मी तुम्हाला खोटा शिक्षक ओळखायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि आणून उभा केला तोही मीच. तुम्हाला काय वाटलं होतं त्यांच्याबद्दल? खरं सांगा. मी रागावणार नाही."

 शमिकाच्या शेजारची मुलगी म्हणाली, "आम्ही खुणा लावून बघितल्या होत्या, बाई. त्यांना शून्य मिळालं."

"मग?"

"मग आम्ही दुसऱ्यांनाही लावून बघितल्या. पाळकसाहेबांना एक मिळाली. सभेच्या दिवशी झगझगीत कोट घालतात ती."

"आणि?"

मुलं शमिकाकडे पाहू लागली. शमिकाने वही उघडली. "तुम्हाला पाच, बाई. माता ही पदवी. सगळ्यांच्या घरून कोकम न् मासे येतात त्या भेटी. ओरडता. तुमचंच खरं असतं. आणि प्रश्न विचारला की रागावता." मग तिला वाटलं, जरा जास्तच झालं. घाईघाईने म्हणाली, "गाडी नाहीये तुमच्याकडे. न् कपडे पण साधेच असतात."

विमलाबाई आधी लाल झाल्या. मग त्यांच्या पोटातून हसू वर यायला लागलं. ते दाबता दाबता त्यांना ठसका लागला. मुलंही हसली, आधी बिचकत आणि मग मोकळेपणी. पाळक धावत आले, बाईंना पुन्हा काही झालं की काय म्हणून.

हसू ओसरल्यावर बाईंनी मुलांना सांगितलं, की खुणा खोट्या नाहीत, पण त्या सगळ्या बाहेरून दिसणाऱ्या होत्या. झाड फळावरून ओळखायचं असं आपलं शास्त्र सांगतं, आणि फळ एका दिवसात धरत नाही. तेव्हा थांबायचं, पाहायचं. हा माणूस दुसऱ्याला सांगतो ते स्वतः करतो का? त्याच्या सांगण्याने कोणाचं बरं होतंय की कोणाला इजा होतेय? तो जे म्हणतो ते शास्त्रात तसंच आहे, की त्यातलं निम्मंच उचललंय? "आणि प्रश्न विचारायचा. मला सुद्धा. मला तर आधी."

तेव्हापासून वर्गाची शेवटची दहा मिनिटं मुलांच्या प्रश्नांची असतात. पहिल्या महिन्यात बाईंना उत्तर येत नसलं की त्यांच्या तोंडून सवयीने 'खाली बस' निघायचं. मग मुलं एका सुरात 'बाई!' म्हणायची. हळूहळू त्यांनी 'मला माहीत नाही, विचारून सांगते' हे वाक्य पाठ केलं. त्यांना ते पाठ व्हायला मुलांना सात खुणा पाठ होण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

गेल्या एप्रिलमध्ये पुण्याहून एक वयस्कर पाहुणे आले होते, लहान मुलांना शिकवण्यात हयात गेलेले गृहस्थ. वर्गात पंधरा मिनिटं बोलणार होते. बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "काही शंका?" अकराच्या अकरा हात वर गेले. तुम्ही हे स्वतः करता का, हे शास्त्रात कुठे आहे, तुमच्या गावात आम्ही कोणाला फोन करून विचारू, तुमची काही चूक झाली होती का आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? पाहुण्यांनी घाम पुसत पुसत एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. एकदा 'हे मला माहीत नाही' म्हणाले, तेव्हा मुलांनी माना डोलावल्या. या भानगडीत त्यांची साडेअकराची एसटी चुकली.

विमलाबाईंनी त्यांना घरी जेवायला नेलं, सावित्रीकाकींनी सोलकढी पाठवली. पाहुणे जेवताना म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवतोय, मला कोणी काही विचारलंच नव्हतं हो." बाईंनी त्यांच्या पानात आणखी एक तळलेला बांगडा वाढला आणि पुढची गाडी दोन वाजता असल्याचं सांगितलं.